एक तरी प्रश्न विचारा

इंग्रजी साहित्याची ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवी घ्यायला काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. चार वर्षं, आठ सेमिस्टर, एकशे शहात्तर क्रेडिट. चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरचे साडेसात ग्रेड पॉइंट. मग स्वतः विषय निवडून स्वतः लिहिलेला प्रबंध, त्याच्या तीन प्रती, काळं रेक्झीन, सोनेरी अक्षरं, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. ह्यातला ‘स्वतः’ हा शब्द आमच्या वर्गात माझ्याशिवाय कुणी फारसा मनावर घेतला नव्हता.

आम्ही नऊ जण, नांदेडच्या कॉलेजातली ऑनर्सची पहिलीच बॅच. आठ जणांचे प्रबंध नांदेडच्याच एका झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळाले. आपलं नाव आणि सालं तेवढी बदलायची. मी त्यांना नावं ठेवत नाही. आमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, शिवम दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभा असायचा, तो लिहिणार कधी? मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं शरदचंद्र सरांना माहीत होतं. सर आमचे विभागप्रमुख. माणूस गोड, इतका गोड की त्यांच्याशी भांडायलासुद्धा जागा सापडत नाही.

माझं गाव जळकोटपासून सात किलोमीटरवर. अभ्यासक्रमातली एक कादंबरी मी गावातल्या बायांना सांगितली, हाच माझा विषय. कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या विधवेची. नवऱ्यामागं तिच्याकडे पिठाची पाणचक्की राहते. दीर ती मागतो. बाराव्या प्रकरणात ती कागदावर सही करून देते आणि बहिणीच्या घरी निघून जाते. बाजारातली सगळी गाईडं ह्यावर एकच उत्तर देतात: त्याग.

सोयाबीनच्या खुरपणीला पाच बायांच्या ओळीत बसून मी रोज एक प्रकरण मराठीतून सांगायचे आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचे. ओळीत सगळ्यांत पुढं माझी चुलती गुणाबाई. आम्ही तिला गुणामाय म्हणतो. शाळेची पायरी तिनं चढलेली नाही, पण गावातल्या कुठल्याही भांडणात तिचं मत घेतल्याशिवाय पंचांचं पान हलत नाही. बारावं प्रकरण ऐकताना ती खुरपं टाकून उभीच राहिली.

“त्याग कशाचा? भ्याली ती. सही करताना दाराची कडी कुनी लावली, ते बघ आधी.”

मी कादंबरी तीनदा वाचली होती. कडीचं वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं, पण ते मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून माझा प्रबंध खरा सुरू झाला. एकशे बारा पानं झाली. छापून घरी नेला तेव्हा गुणामायनं तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, “आमचं म्हननं तुमच्या सायबाला पटलं का न्हाई, तेवढं इचार. मार्क तुला ऱ्हाऊ दे, जवाब आमाला आन.”

परीक्षेच्या दिवशी लातूरहून परीक्षक म्हणून पंचाक्षरी सर येणार होते. दहाला येणारे सर साडेअकराला आले. मग प्रास्ताविक झालं, परिचय झाला, शाल-श्रीफळ झालं, सरांचं मनोगत झालं, आभार झाले, पोहे झाले. रांगोळी मुलींनी काढलेली, त्यात मीही होते. जेवणानंतर पाहुण्यांना विष्णुपुरीचं धरण दाखवायला न्यायचं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला धरण दाखवणं हा आमच्या विभागाचा अलिखित क्रेडिट आहे.

साडेबाराला शिवम कागद घेऊन बाहेर आला.

“चला, सह्या करा. व्हायवा झाला.”

“कधी झाला?”

“आत्ताच. समद्यायला नव्वद. तुला ब्याण्णव हाय, खूष?”

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि तशीच आत गेले. टेबलावर नऊ प्रबंध एकावर एक रचलेले होते. गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.

“सर, माझी तोंडी परीक्षा राहिलीय.”

शरदचंद्र सर हसले. “अगं, झाली ना! तुझ्याबद्दल मी सांगितलंय सरांना. अभ्यासू मुलगी आहे म्हणून.”

“ते तुम्ही सांगितलंत सर. मला कुणी काही विचारलं नाही.”

पंचाक्षरी सरांनी घड्याळ पाहिलं. “बेटा, ब्याण्णव कमी पडतात का?”

“न विचारता दिलेत सर. ते माझे कसे होतील?”

शरदचंद्र सरांचा आवाज आणखी मऊ झाला. “मंजुषा, ऐक. ह्या कागदावर सही नाही म्हणजे गैरहजर. गैरहजर म्हणजे प्रबंधाचे क्रेडिट गेले. क्रेडिट गेले की पदवी अडकली. कशाला हट्ट करतेस?”

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. चौथं वर्ष मिळावं म्हणून मी घरी चार महिने भांडले होते, पाचवं कुणी देणार नव्हतं. तेवढ्यात दारातून शिवम दबक्या आवाजात म्हणाला, “मंजे, काय करून राहिली तू? तुला इचारलं की आमाला बी इचारतील. चल ना भायेर.”

खुर्ची एकच रिकामी होती. तिच्यावर शाल आणि नारळ ठेवलेले. मी दोन्ही उचलून टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसले.

“बाकीच्यांचं मला माहीत नाही सर. मला एक तरी प्रश्न विचारा. मग नापास करा.”

पंचाक्षरी सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ठीक. कादंबरीची व्याख्या सांगा.”

मी सांगितली.

“झालं?”

“हा प्रश्न माझ्या प्रबंधातला नाही सर.”

आता मात्र ते चिडले. गठ्ठ्याची सुतळी त्यांनी ओढून तोडली, माझा प्रबंध शोधून काढला आणि मधेच कुठंतरी उघडला. उभ्याउभ्या अर्धं पान वाचलं. मग बसून वाचलं.

“ह्या गुणाबाई कोण? कोणत्या कॉलेजच्या?”

“माझी चुलती. शाळेत गेलेली नाही.”

“म्हणजे मूळ कादंबरी वाचलेली नाही आणि मत देतात?”

“ऐकलीय सर. सगळीच्या सगळी, सव्वीस प्रकरणं.” आमच्या वर्गात सव्वीस प्रकरणं कुणी वाचलीत ते विचारा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण दारात शिवम उभा होता. मी गिळून टाकलं.

“आणि ही इथं लिहिलेली कडी कसली? मी बावीस वर्षं ही कादंबरी शिकवतोय. त्या प्रसंगात कडीबिडी काही नाही.”

“बारावं प्रकरण सर. शेवटून दुसरा परिच्छेद.”

शिवमला ग्रंथालयात पिटाळलं. पुस्तक आलं. पंचाक्षरी सरांनी परिच्छेद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. ‘त्यानं आत येऊन दाराची कडी लावली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.’ एवढंच वाक्य होतं, पण होतं.

“हिवाळा आहे,” ते म्हणाले. “वारा येतो म्हणून लावली.”

“दहाव्या प्रकरणातही हिवाळाच आहे सर. तोच दीर, तीच खोली. तेव्हा पाद्री सोबत आहे आणि दार सताड उघडं आहे.”

“पाद्री म्हातारा आहे. त्याला दम लागतो, म्हणून उघडं असेल.”

“तसं लेखकानं लिहिलंय का?”

“आणि भीती वाटली, असं लिहिलंय का?”

“सही करताना तिनं टाक दोनदा खाली ठेवला, असं लिहिलंय.”

मग जे सुरू झालं ते दोन वाजले तरी थांबेना. मी इंग्रजीत सुरुवात करायचे आणि चिडले की मराठीत यायचे. सरांचंही तेच. एकदा त्यांनी टेबलावर हात आपटला तेव्हा नारळ घरंगळत खाली गेला, कुणी उचललाही नाही. शरदचंद्र सर दोनदा जेवणाचं म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. धरण राहिलं ते राहिलंच. भीती कधी गेली ते मला कळलं नाही. चार वर्षांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. मला आनंद होत होता, सांगायला लाज कसली?

शेवटी पंचाक्षरी सरांनी पेन काढलं, माझ्या नावापुढचे ब्याण्णव खोडले आणि एकसष्ट लिहिले.

“पाच बायांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. चौथ्या प्रकरणात पद्धतीचा नुसता गोंधळ आहे. संदर्भसूची अर्धवट.”

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. “आणि कडी?”

“कडीचं मला पटलेलं नाही,” ते म्हणाले आणि माझ्या प्रबंधाची एक प्रत त्यांनी आपल्या बॅगेत घातली.

मी सही केली. बाकीच्या आठ जणांचे नव्वद नव्वदच राहिले. बाहेर शिवम माझ्याकडे न बघता म्हणाला, “ब्याण्णवचे एकसष्ट करून घेतले. लई शहाणी.”

“हाव,” मी म्हणाले. “पण हायेत माझे.”

बसस्टँडवरून गावाकडे फोन लावला. अंगणात कुरडया घालायला बाया जमल्या होत्या. गुणामायनं मार्क विचारलेच नाहीत.

“काय म्हनला गं सायेब?”

“पटलं न्हाई म्हनले. दीड घंटा भांडले माझ्यासंगं. कडी वाऱ्यामुळं लावली म्हनतेत.”

“वाऱ्यामुळं!” गुणामायनं ते तिकडं ओरडून सगळ्यांना सांगितलं. फोनमधून एकदम हसणं फुटलं, त्यात कुणीतरी सरांना एक शिवीही हासडली. मग गुणामाय पुन्हा फोनवर आली.

“बाप्या मानूस, त्येला वाराच दिसनार. त्येला म्हनावं, इकडं ये. आन येताना पुस्तक घिऊन ये. आमचं आजून बोलून झालं न्हाई.”