आवळलेला नट

नवलने सायकलच्या पुढच्या ब्रेकची मूठ दाबली आणि सोडून दिली. ब्रेकचे दोन्ही हात चाकाला बिलगले ते तसेच राहिले; मग झोपेतून उठल्यासारखे सावकाश उघडले. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. तेच.

"वायर नवी टाकली, तेल सोडलं, तरी हेच," शेजारी उकिडवी बसलेली चैताली म्हणाली. "पायडल मारत असते आणि वाटतं, कुणीतरी मागून गाडी धरून ठेवलीय. रविवारी जळगावची शर्यत आहे, पप्पा."

"बघतो. तू अंघोळ उरकून घे."

ती आत गेली. देवपुरातल्या त्या गल्लीत सकाळची पाण्याची धांदल चालली होती. नवलचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. चिकटलेल्या स्प्रिंगा त्याच्या रोजच्या ओळखीच्या. त्याने वायर मोकळी करून ओढून पाहिली. ती सरळ धावत होती. म्हणजे दोष ब्रेकमध्येच होता. दोन्ही हात ज्या बोल्टवर फिरतात, त्याच्या नटाला त्याने पाना लावला. नट हलेना. जोर लावला तेव्हा कुरकुरत सुटला.

तळहातावर घेऊन त्याने तो उजेडात धरला. कडा चेपल्या होत्या आणि त्यांवर दातांचे बारीक ओरखडे होते. पान्याचे असे ओरखडे उठत नाहीत, पकडीचे उठतात. त्याची हत्यारं दुकानात असत; आज पाना आणि थोडे नट-बोल्ट तेवढे त्याने सोबत आणले होते. घरात पक्कड एकच होती, गॅसजवळ, गरम पातेली उतरवायची.

त्याची बायको सारिका चहा घेऊन बाहेर ओट्यावर आली. त्याच्या हातातला नट पाहून जागीच थांबली. कप त्याच्यासमोर ठेवायचं विसरून ती तो तसाच धरून उभी राहिली.

"घट्ट केलं की पोर हळू जाईल, एवढंच वाटलं," ती खालच्या आवाजात म्हणाली.

एखादं गिऱ्हाईक असतं तर नवलने दोन शब्द सुनावले असते. पण चैताली लळिंग घाटाच्या उतारावर सायकलवरून पडली, त्या दिवशी तो जामनेरला पंपाच्या कामावर होता. तो पोचला तेव्हा हनुवटीला टाके पडून पोर झोपली होती. रिक्षात तिची फाटलेली हनुवटी तळहाताने दाबून धरली होती सारिकाने, एकटीने. त्या दिवसाबद्दल ती नंतर कधी बोलली नाही, त्यानेही विचारलं नव्हतं.

त्याने तिच्या हातून कप घेतला.

"घट्ट केला म्हणून ब्रेक जास्त लागत नाही," तो म्हणाला. "बोट उचललं तरी चाक सोडत नाही, एवढंच. रबर उगाच झिजत राहतं. मग एखाद्या उतारावर खरंच थांबायची वेळ आली तर..."

सारिका पायरीवर बसली.

त्याने बोल्ट फडक्याने पुसला, तेलाचा थेंब सोडला, दुकानातून आणलेला नवा नट हाताने चढवला आणि पाना तिच्यापुढे धरला.

"तू आवळ."

"मी?"

"मी सांगतो किती."

तिने पाना फिरवला. त्याने ब्रेकचे हात हलवून पाहिले.

"अजून थोडा. बस. आता केसभर मागे घे. डुलायला नको, पण अडकायलाही नको."

वायर जोडून झाल्यावर तिने स्वतःच मूठ दाबली. सोडली. टक् करून दोन्ही हात उघडले. चाक हाताने फिरवून तिने पुन्हा दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा नवल चहा प्यायला लागला होता.

ओले केस झटकत चैताली बाहेर आली. तिने ब्रेक दाबून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"काय झालं होतं, पप्पा?"

नवल कपात पाहत राहिला.

"नट जास्त आवळला गेला होता," सारिका म्हणाली.

चैतालीने आईकडे पाहिलं. सारिकाच्या बोटांना काळं तेल लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग खाली पडलेलं फडकं उचलून तिने आईच्या हातात दिलं.

"रविवारी घाट नाहीये, आई. सगळा सपाट रस्ता आहे."

"असू दे," बोटं पुसत सारिका म्हणाली. "आम्ही कुठं उभं राहायचं, तेवढं सांग."