तेल लावलेल्या सळ्या

"लोखंड रडता गो, चेडवा. आपल्याक आयकाक येणा नाय, इतकाच."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मी विळी ओलीच भिंतीला टेकवून ठेवली होती. गिरणीतून आलेल्या बाबांनी अंगातला सदराही न काढता ती आधी पुसली, मग बोटाने तिच्या पात्यावर तेल फिरवलं. ते सूतखात्यात तेलवाले होते. तीस वर्षं त्यांनी चात्यांना, चाकांना, साखळ्यांना तेल घातलं. लालबागच्या आमच्या खोलीत बिजागरी कधी वाजली नाही. आई, सुंदराबाई, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने गुणगुणायची:

तेल घालते टाळूवरी, माझ्या तान्हुल्याच्या बाई
धनी लोखंडा घालीतो, त्याला बोलता येत नाही

बाबा हसायचे आणि म्हणायचे, "गाणा गाय तू. तुझ्या जिभेक तेल लागाचा नाय."

मग गुडघे गेले आणि गिरणीने त्यांना घरी बसवलं. बसलेला माणूस आमच्या चाळीत लवकर म्हातारा व्हायचा. बाबाही झाले असते, पण एकोणसाठच्या उन्हाळ्यात वस्तीने वाचनालयाची इमारत बांधायला घेतली आणि समितीचे चिटणीस राजारामभाऊ स्वतः आमच्या दारात आले. "लवूमामा, सामानावर नजर ठेवायला घरचा माणूस पाहिजे." बाबांनी त्या दिवशी दाढी केली, टोपी धुतली.

सळ्या ज्येष्ठात आल्या. सिमेंटच्या परवान्याला दसरा उजाडला. मधले चार महिने सळ्या पावसात ताडपत्रीखाली पडून होत्या, आणि बाबांना ते बघवेना. त्यांनी गिरणीतल्या जुन्या सोबत्याकडून तेलाचा डबा आणला आणि उकिडवे बसून एकेक सळई टोकापासून टोकापर्यंत पुसली, माखली. एका रविवारी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले, तर माझ्याही हातात चिंधी दिली. ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. आम्ही बापलेक दुपारभर सळ्या माखत बसलो होतो. इतकं सुख मला त्या वर्षात दुसरं मिळालं नाही.

दिवाळीनंतर स्लॅब झाला, आणि रस्त्यावर पुढे आलेला सज्जाही. त्याला खाली खांब नव्हता. भिंतीतून हात पुढे करावा तसा तो रस्त्यावर निघाला होता.

मी तेव्हा गिरगावात, खोताच्या वाडीजवळ, शरच्चंद्र कोठारे या इंजिनिअरांच्या कचेरीत नकाशे ट्रेस करायला होते. साहेब जुन्या मुंबईकर घराण्यातले, बोलायला मऊ, कामाला कडक. माझं गणित बरं आहे हे कळल्यावर त्यांनी मला हिशेबाच्या यंत्रावर बसवलं. त्यांना एका गोष्टीचा ध्यास होता.

"मिस घाडी, सळई काँक्रीटमध्ये घट्ट बसली आहे असं सगळे धरून चालतात. मी नाही धरत. ओढ बसली की ती आत सरकते. केसभर सरकेल, पण सरकते. किती सरकेल ते आधी कागदावर दिसलं पाहिजे."

म्हणून त्यांनी कागदावर एका सळईचे दहा तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्याची काँक्रीटवर आपली पकड. एकाने थोडं सोडलं की त्याचं ओझं मागच्यावर. मग मागचा किती सोडतो ते काढायचं, परत पहिल्याकडे यायचं, असं आकडे जुळेपर्यंत. यंत्राची मूठ फिरवून माझा खांदा भरून यायचा. कागदावरचं खरं की खोटं हे बघायला साहेब प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे करायचे, त्यात सळई रोवायची, ती ओढायची, आणि किती सरकली ते एका तबकडीवरचा काटा सांगायचा.

साठ सालच्या एप्रिलात तीन ठोकळ्यांचे आकडे आले. एकात स्वच्छ सळई होती, एकात हलका गंज चढलेली, आणि एकात तेल लागलेली.

"गंजलेलीने सगळ्यात चांगलं धरलं बघा," साहेब म्हणाले. "थोडा गंज खरखरीत असतो, तो चावून बसतो."

"आणि तेलाची?" मी विचारलं.

"तेलाची निम्म्या ओढीच्याही आत निसटली. फळ्यांना लावलेलं तेल सळ्यांवर सांडतं म्हणून हे करून पाहिलं. नाहीतर मुद्दाम तेल लावणारा शहाणा कुठे भेटणार?" ते हसले.

मी हसले नाही. माझ्या तळव्यांना त्या रविवारचं तेल लागलेलं होतं असं वाटलं. मी हात लुगड्याला पुसले आणि पुसतच राहिले.

मनाला म्हटलं, ओतायच्या आधी कुणीतरी पुसल्या असतील. वाचनालय बांधणाऱ्या सीताराम मिस्त्रींचं काम चोख असतं. पण मग जेवणाच्या सुटीत मी यंत्रापुढे बसले. सज्जाची मापं मला पाठ होती. वस्तीसाठी त्याचा नकाशा मीच घरी ट्रेस करून दिला होता. साहेबांच्या रीतीने सळईचे दहा तुकडे पाडले आणि पकड तेलाच्या ठोकळ्याची धरली.

सज्जा रिकामा असेल तर काही होत नव्हतं. दहा माणसं उभी केली तर भिंतीजवळचा पहिला तुकडा सुटत होता. चाळीस माणसं उभी केली, तर पहिला, दुसरा, तिसरा, असे एकामागून एक सुटत गेले आणि सगळं ओझं सळईच्या टोकाला वळवलेल्या हुकावर आलं. एकट्या हुकावर. मी तीनदा मूठ फिरवली. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं. शनिवारी, तीस तारखेला, संध्याकाळी लालबागवरून मिरवणूक निघायची होती, आणि राजारामभाऊंनी वस्तीला सांगून ठेवलं होतं, बायका-मुलांची सोय नव्या सज्जात.

नवा सज्जा तोवर कुणी धड वापरलाच नव्हता. त्याच्या दाराची किल्ली बाबांकडे असायची आणि ती सारखी हरवायची. वस्तीत त्याची थट्टा झाली होती. "लवूमामा, किल्ली गळ्यात बांधा, नाहीतर सुंदरामावशीच्या पदराला!" बाबा कसनुसे हसायचे. गुरुवारी मी किल्ली मागितली तर म्हणाले, "खंय ठेवलंय कोण जाणे."

ती त्यांच्या कनवटीला होती. सदरा वर झाला तेव्हा मला दिसली. मग त्यांनी मुकाट्याने ती काढून दिली आणि पाठ फिरवली.

सज्जात गेले, तर दाराच्या उंबऱ्यालगत लादीवर एक भेग होती. केसाएवढी, पण भिंतीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती जिथे असेल असं कागद म्हणाला होता, तिथेच. साहेब जुन्या इमारतीत करायचे तसं मी केलं: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली. भेग वाढली तर काच तुटणार.

शुक्रवारी राजारामभाऊंनी बाबांची वाट न बघता कुलूप तोडलं. नऊ-दहा पोरं तोरणं बांधायला सज्जात चढली. शनिवारी दुपारी मी बघितलं. काच मधोमध तुटली होती.

मी ट्राम धरून गिरगाव गाठलं. साहेबांपुढे आकड्यांचे कागद ठेवले आणि काचेचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचले, परत वाचले.

"हा सज्जा खरा आहे?"

"हो, साहेब. आज संध्याकाळी भरणार आहे."

"आत्ता चिठ्ठी देतो, वापरू नये म्हणून." त्यांनी पेन उघडलं. "सळ्यांना तेल आहे हे कशावरून?"

मी कागदांच्या कडा जुळवत बसले.

"मिस घाडी, कारण नसलेली चिठ्ठी लोक खिशात घालतात. कुणी पाहिलं तेल?"

मला बाबांची धुतलेली टोपी दिसली. ज्या वस्तीने त्यांना घरचा माणूस म्हटलं तिच्यासमोर त्यांना उभं करायचं? आणि मुलांना त्या सज्जात उभं करायचं? साहेबांनी तेलाचा उल्लेख गाळून लिहिलं: भेग वाढते आहे, सज्जा तूर्त रिकामा ठेवावा. सही केली. "मी मागून येतोच. तुम्ही पुढे व्हा, आणि माणसं खाली उतरवा. कसंही करा."

मी लालबागला पोचले तेव्हा ऊन उतरलं नव्हतं, तरी जागा धरायला बायका सज्जात येऊन बसल्या होत्या. वीस तरी असतील. मांडीवर पोरं, कठड्याला लोंबकळणारी पोरं. खालून बघताना सज्जाची कड मला जराशी झुकलेली वाटली. ती झुकली होती की माझे डोळे, देव जाणे.

"राजारामभाऊ, त्यांना खाली बोलवा!"

भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि खरंच खिशात घातली. "भेग? नव्या बांधकामाला केसाएवढी भेग पडतेच. नलू, तू गिरगावात पेन्सिली तासतेस, का आता वस्तीला शिकवणार?"

"सळ्या आत सुटल्यात, भाऊ. त्यांना तेल लागलं होतं."

"तेल? कुणी लावलं?"

मी सज्जाकडे बोट केलं. "आधी त्यांना उतरवा!" पण शब्द सुटला होता. कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रीला बोलवा!" सीताराम मिस्त्री समोरच उभे होते, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, लेकीचा हात धरून. छप्पनच्या डिसेंबरात घरदारासकट त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यांना काम देताना समितीत बरीच कुजबुज झाली होती.

"माझ्या कामात तेल?" ते म्हणाले. "कोण म्हणतं?"

"बघा!" मागून एक आवाज आला. "तरी सांगत होतो, काम आपल्या माणसाला द्या."

मिस्त्रींचा चेहरा विझला. त्यांनी लेकीला मागे घेतलं. दोन-तीन माणसं पुढे सरकली. एकाने त्यांच्या सदऱ्याला हात घातला. मिस्त्रींनी फक्त मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबा वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. सज्जाच्या बरोबर खाली. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, सज्जा झाल्यापासून ते रोज तिथेच बसत होते.

वरून एक बारीक आवाज झाला. सुपारी फुटावी तसा. बायका बोलत होत्या, त्यांना तो ऐकू गेला नाही. मला गेला. बाबांनाही. त्यांनी वर पाहिलं.

ते उठले. गुडघ्यांवर हात देऊन, एकेक करत.

"त्या माणसाक सोडा," ते म्हणाले. "लोखंडाक तेल मी लावलंय. मी, ह्या हातांनी. पोरांका खाली घेवा."

सदऱ्यावरचा हात सुटला. मी वर बघून ओरडले, "रखमाआजी! सगळ्यांना भिंतीकडे सरकवा! पळू नका! दोन-दोन जणी या!"

शेजारच्या खोलीतल्या रखमाआजीने प्रश्न विचारला नाही. तिने कठड्याचं पोर काखेला मारलं आणि भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकली. मागून दुसरी, तिसरी. मी मोजत होते आणि मोजताना चुकत होते. एक लहानगी मध्येच रडत थांबली. तिच्या आईने तिला ओढलं, आणि भेग सज्जाच्या बाजूवर उतरली, खालूनही दिसावी इतकी काळी. शेवटची बाई दारातून आत गेली तेव्हा तोरणातली आंब्याची पानं हलत होती, आणि वारा नव्हता.

सज्जा पडला नाही. झुकून तसाच राहिला, रिकामा.

लांबून मिरवणुकीची हलगी ऐकू येत होती. मी बाबांचा हात धरला आणि म्हटलं, "मीही लावलं होतं, बाबा. तुम्हांला ठाऊक नव्हतं. कुणाला काय ठाऊक असणार?"

त्यांनी हात सोडवून घेतला. सीताराम मिस्त्रींसमोर जाऊन उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माका ठावक होता," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओतायच्या आदल्या दिवशी ह्या माणसान घासलेटचो डबो आणून दिल्यान. ह्यो माका म्हणालो, लवूमामा, सगळ्या सळ्या पुसून घेवा, तेल ऱ्हवला तर काँक्रीट धरूचा नाय. तेल पुसूक माझा मन झाला नाय. दुसऱ्या दिवशी इचारल्यान, पुसलास? मी सांगितलंय, पुसलंय."