टोपण घातलेली सुई

मित्रांनो, मी एक जुना नीडल कटर आहे. नाव भारदस्त असले तरी काम एकच. टोचून झालेली सुई माझ्या तोंडात घालायची आणि दांडा दाबायचा. कट्! सुई माझ्या पोटातल्या डबीत पडते आणि पुन्हा कुणाला टोचू शकत नाही.

कारखान्यात माझ्या पात्याला धार लावली आणि थेट इस्पितळाच्या रक्त चढवायच्या खोलीत मला आणून ठेवले. तिथल्या घड्याळाकडे सगळे पाहत, खिडकीतल्या कुंडीला कुणीतरी पाणी घाली. मला मात्र कामाशिवाय कुणी हात लावत नसे. लावलाच तर हातमोजा घालून, आणि नंतर हात धुऊन. त्याचे कारण मला पटत होते. पण पटले म्हणून एकटेपणा कमी होत नाही.

खोलीच्या प्रमुख होत्या मोठ्या सिस्टर. नव्या परिचारिकांना त्या पहिल्याच दिवशी दरडावत, की वापरलेल्या सुईला टोपण परत घालायचे नाही, ती सरळ याच्या तोंडात द्यायची. ‘याच्या’ म्हणताना त्या माझ्याकडे बोट दाखवत. माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच.

दर तीन आठवड्यांनी एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर येई. तिला थॅलेसेमिया होता. तिच्या शरीरातल्या तांबड्या पेशी धड तयार होत नसत आणि लवकर मोडत, म्हणून तिला दुसऱ्यांचे रक्त चढवावे लागे. सिस्टर तिला ‘बाईसाहेब’ म्हणत. रक्त हृदयातून निघते आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन मिनिटभरात घरी परततेसुद्धा, असे त्या तिला सांगत. ते ऐकून मला वाईट वाटे. माझ्याकडे यायचा तो सुईत अडकलेला, घरी न परतलेला थेंब.

बाईसाहेब सुईला भीत नसत. त्या भीत माझ्या आवाजाला. कट् झाले की दचकून हमसाहमशी रडत. सिस्टरांना ते पाहवेना. त्यांनी मला कोपऱ्यातल्या कपाटावर हलवले आणि तिच्यापुरता नियम मोडला. तपासणीचे रक्त काढले की सुईला हळूच टोपण घालायचे आणि मुलगी घरी गेल्यावर सुई माझ्याकडे आणायची. आठ-दहा वेळा निभावले. मग एके दिवशी टोपण घालताना मुलीने काहीतरी विचारले, सिस्टरांनी वर पाहिले, आणि सुई हातमोज्यातून त्यांच्या अंगठ्यात गेली.

माझ्याशिवाय कुणी पाहिले नाही. सिस्टरांनी हातमोजा काढला आणि वाहत्या पाण्याखाली साबणाने अंगठा धुतला. पिळला नाही, तोंडात घातला नाही. सगळे पाठ होते. मग नळ बंद करून त्या तशाच उभ्या राहिल्या. बावीस वर्षे दुसऱ्यांचे कान धरले, आता आपण कोरडे पाषाण, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? मला वाटले, लपवतील. मला ओरडावेसे वाटले, पण दांडा दाबल्याखेरीज मला आवाज कुठला!

त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळे सांगितले.

दोघींचे रक्त तपासले. सिस्टरांचे स्वच्छ होते. मुलीच्या रक्तात मात्र यकृत पोखरणारा हेपॅटायटिस सी निघाला, बहुधा कधीतरी चढवलेल्या रक्तातून आलेला. तिच्या वर्षाच्या तपासणीला अजून चार महिने होते, तोवर कुणाला सुगावाही लागला नसता. तिच्या आईने तिला कुशीत ओढून घेतले. सिस्टर तिच्याजवळ बसून म्हणाल्या, “ताई, आत्ताच कळलं हे बरं झालं. याला गोळ्या आहेत. बरी होईल ती.”

लागण उशिराही दिसू शकते, म्हणून सिस्टरांना स्वतःला मात्र सहा महिने पुन्हा पुन्हा तपासण्या कराव्या लागणार होत्या. चहाच्या वेळी आता त्यांना कुणी हाक मारीना. चहाच्या कपाने हा आजार लागत नाही, हे त्या खोलीत प्रत्येकीला ठाऊक होते, तरीही. सगळ्या बाहेर गेल्या की त्या मला पुसत बसत. मी आधीच लख्ख असे. मला सोबत मिळाली याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

तीन आठवड्यांनी बाईसाहेब आल्या. आईने त्यांना सगळे सांगितले असावे.

“त्याला इथे जवळ आणा,” मुलगी म्हणाली. “मी डोळे मिटते. टोपण घालू नका.”

सिस्टर कपाटाकडे आल्या. त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवले. कट्! मुलगी दचकली, रडलीसुद्धा. पण तिने दुसऱ्या हाताने सिस्टरांचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

गोळ्या संपल्यावर तिचे रक्त स्वच्छ आले. सहा महिन्यांनी सिस्टरांचा शेवटचा अहवालही तसाच आला, आणि त्या दिवशी चहाला हाक मारायला सगळ्या आल्या.

आता माझे पाते बोथट झाले आहे. मी अडगळीच्या खोलीत असतो. इथे हात धुवायलाही कुणी येत नाही. मित्रांनो, सुई कापायला माझ्यासारखे पुष्कळ मिळतील. पण ‘मला टोचलं’ हे माणसालाच बोलावे लागते. ते लपवू नका. आणि कुणी धीर करून बोलले, तर त्याला सहा महिने वाट पाहायला लावू नका. त्याच दिवशी त्याच्याशेजारी बसून चहा प्या.