रोख की धान्य

"काकू, रोख लिहू की धान्य? एकदा सांगितलंत की महिनाभर बदलता येत नाही," मदत संस्थेची मुलगी म्हणाली.

शिंपीणबाईंनी मागे पाहिलं. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. पुरात पूल वाहून गेला, तेव्हापासून कुणी ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला नव्हता. नवरा पुलापलीकडच्या गावात कामाला होता, तो तिकडेच अडकला. घरात त्या आणि सासरे.

निघताना सासरे म्हणाले होते, "धान्यच घे गं. पैसे काय चावून खायचेत?" पण त्यांच्या फिट्सच्या गोळ्या संपल्या होत्या. परवा मोरीत पडून त्यांची भुवई फुटली होती. आणि गोळ्या धान्यावर मिळत नाहीत.

"रोख," शिंपीणबाई म्हणाल्या.

औषधवाल्याकडे गोळ्या होत्या. गोळ्यांचं पाकीट पदराला बांधून त्या तशाच किराणा दुकानात गेल्या. फळ्या रिकाम्या होत्या. साबण, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या तेवढ्या उरल्या होत्या.

"काहीच नाही? तांदळाची कणी तरी?"

"अहो ताई, ट्रक येणार कुठून?" दुकानदार म्हणाला. मग नजर चुकवत बोलला, "तुमच्यापासून काय लपवायचं? सकाळी मीही रांगेत होतो. धान्यच घेतलं."

"त्यातलं थोडं विकत द्या. म्हणाल तो भाव देते."

"घरात सात तोंडं आहेत, ताई."

त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

घरी परतताना शेजारच्या दारात भात शिजल्याचा वास आला. ही शेजारीण एरवी मिठापासून मिरचीपर्यंत सगळं हक्काने मागायला यायची. शिंपीणबाईंनी कडी वाजवली. आतला पळीचा आवाज थांबला. लहान मूल काहीतरी बोलू लागलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. दार उघडलं नाही.

पुन्हा वाजवावी असं वाटलं, पण हात वर होईना. आपण आत असतो तर उघडलं असतं का, हे त्यांना खात्रीने सांगता आलं नसतं. त्या पावलं न वाजवता आपल्या दाराकडे वळल्या.

सासरे खाटेवर उठून बसले होते. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. पाकिटावरची बारीक अक्षरंही त्यांनी चष्म्याशिवाय वाचली.

"मिळाल्या म्हणायच्या. छान झालं. धान्य?"

"उद्या बघते, बाबा."

त्यांनी एक गोळी काढून तळहातावर घेतली. शिंपीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"जेवणानंतर घ्यायची, असं लिहिलंय यावर."

"हो."

"मग थांबू जरा," ते म्हणाले, आणि मूठ अलगद मिटून, कुणी ताट वाढणार असल्यासारखे मांडी घालून बसून राहिले.