पितृपक्षात घेतलेली काळी गिटार

मी एक जुनी काळी गिटार आहे. विजेवर चालते. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. एरवी आपली ओळख नाही आणि ती वाढावी अशी माझी इच्छाही नाही. आत्मवृत्त सांगायचं तर कोणाला तरी सांगावं लागतं, एवढंच.

खरं म्हणजे मी जन्मले तेव्हाच जुनी होते. ज्या आकारात मला कापलं, तो आकार सत्तरेक वर्षांपूर्वी कोणा परदेशी माणसाला सुचला. तो इतका बरा निघाला की पुढे कोणी डोक्याला त्रास दिला नाही. याला क्लासिक म्हणतात. त्या आकाराची अस्सल गिटार घ्यायची तर जमिनीचा तुकडा विकावा लागतो. न विकता घ्यायची तर मी आहे. याला परवडणारी म्हणतात. माझ्यासारख्या चारशे जणी त्याच दिवशी त्याच कारखान्यात तयार झाल्या. कोणी गोंजारलं नाही. खोक्यात घातलं, चिकटपट्टी लावली आणि मी नाशिकला आले.

रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत धोंडीरामशेठचं वाद्यांचं दुकान आहे. पुढे टाळ, मृदंग, पेट्या. मागच्या भिंतीवर आम्ही गिटारी. तिथे मी चार वर्षं टांगलेली होते. आवाजात खोट नव्हती. खोट रंगात होती.

नाशिककर वाद्य घेतो ते दसऱ्याला नाहीतर पाडव्याला. मुहूर्ताच्या दिवशी काळी वस्तू घरात न्यायची नाही, हे त्याला शाळेत न जाताही माहीत असतं. काळा रंग चालतो तो संक्रांतीला, आणि संक्रांतीला कोणी गिटार घेत नाही. एका दसऱ्याला एक गृहस्थ आले, माठ वाजवून बघतात तशी त्यांनी माझ्या पोटावर बोटाची पेरं आपटली आणि म्हणाले, "भरीव आहे की. आवाज यायचा कुठून?" दुसऱ्या वर्षी एक बाई मुलीला म्हणाल्या, "ही नको गं, दहाव्याला वाजवायची वाटते." आणि त्यांनी माझ्या शेजारची पांढरी नेली. पांढरीची मान वाकडी होती. पण पांढरी होती.

माझी किंमत दर वर्षी उतरत गेली. चिठ्ठी बदलायला धोंडीरामशेठ स्टुलावर चढायचे आणि माझ्याकडे न बघता उतरायचे.

मग तो पितृपक्ष आला.

पितृपक्षात लोक नवीन काही घेत नाहीत. गल्लीत पंधरा दिवस माशा असतात. अष्टमीला सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आत आली. तिशी ओलांडलेली, नखांत झेंडूच्या देठांचा हिरवा रंग. शेठनी पेपर खाली केला.

"बघायला आलात ना?"

"घ्यायला."

"आज?"

"आज दुकान बंद आहे का?"

"दुकान चालू आहे. तुम्ही चालू आहात का ते विचारतोय. पितृपक्ष आहे."

"म्हणूनच आले. गर्दी नसते. नीट ऐकता येईल."

ही सुवर्णा. मखमलाबादला राहते. घरची झेंडू-शेवंतीची शेती, नवरा अमित पहाटे टेम्पो भरून फुलबाजारात जातो. लग्नाआधी ती कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायची. लग्नानंतर बारा वर्षं सासूबाईंच्या भजनी मंडळात साधी लाकडी गिटार घेऊन कोपऱ्यात बसत होती. आता गोटीराममामांच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पुण्याला नोकरीला निघून गेला होता. पंचवटीतल्या मैदानावर नवरात्रीच्या नऊ रात्रींचं काम होतं. गोटीराममामांनी निरोप दिला होता की विजेवरची गिटार स्वतःची हवी, दिसायला जुन्या धाटणीची हवी, आणि परीक्षा घटस्थापनेच्या सकाळी दहाला. पितृपक्षात ते स्वतः काही सुरू करत नाहीत. जमलं तर त्याच संध्याकाळी स्टेज. नाही जमलं तर मालेगावचा एक जण सांगून ठेवला होता.

म्हणजे हिला गिटार पितृपक्षातच घेणं भाग होतं. हे सगळं तिने शेठना सांगितलं, मला नाही. मला कोण विचारतं.

तिच्या भिशीच्या पैशात बसणाऱ्या आम्ही तिघी होतो. एक लाल-पिवळी, टांग्यासारखी सजवलेली. एक दुधी, सोनेरी पत्र्याची. आणि मी. आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला हात लावण्याआधी तिने तिघींना उचलून वजन बघितलं. मग एकेकीला डोळ्यापुढे आडवी धरून, सुतार फळी बघतो तशी मान सरळ आहे का ते बघितलं. मानेवरच्या प्रत्येक आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, प्रत्येक तार दाबून वाजवली. लाल-पिवळी सातव्या फ्रेटवर झणझणली. दुधीच्या खुंट्या सैल. सुरात लावली आणि चहा येईपर्यंत उतरली. मला याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चार वर्षं त्या दोघींनी माझ्यापेक्षा जास्त नजरा खाल्ल्या होत्या.

माझ्यावर तिने दीड तास घालवला. आवाजाचं बटण पूर्ण उघडं ठेवलं आणि फक्त उजव्या हाताच्या जोरावर आवाज कमी-जास्त करून बघितला. हळू छेडलं की मी हळू बोलले, जोरात छेडलं की जोरात. त्यात विशेष काही नाही. पण तोवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

अडीच वाजता ती म्हणाली, "ही द्या."

"काळी आहे," शेठ म्हणाले.

"दिसतंय मला."

"घरी वडीलधारं कोणी आहे?"

"सासूबाई आहेत."

"मग बिलावर घटस्थापनेची तारीख टाकतो. सगळेच टाकून घेतात. गेल्या आठवड्यात एकाने फ्रीज नेला, बिल दसऱ्याचं."

तो फ्रीज शेजारच्या दुकानातला होता, पण मुद्दा बरोबर होता. सुवर्णाने जरा विचार केला.

"नको. आजचीच टाका. वॉरंटी आजपासून चालू होऊ दे."

मित्रांनो, प्रामाणिकपणाचे दुष्परिणाम इथून सुरू होतात.

तिने मला चादरीत गुंडाळून घरी नेलं आणि फुलांच्या रिकाम्या क्रेटांमागे उभी केली. सात दिवस मी तिथे झेंडूच्या वासात काढले. दुपारी सासूबाई झोपल्या की ती ॲम्पशिवाय, नुसत्या तारांवर सराव करायची. सासूबाईंचं नाव वत्सलाबाई. त्यांना ऐकू कमी येतं असं सुवर्णाचं मत होतं.

सर्वपित्री अमावस्येला वत्सलाबाई क्रेट मोजायला आल्या आणि थेट मला घेऊन ओट्यावर गेल्या.

"हे काय काळं?"

"गिटार आहे, आई."

"ते दिसतंय. रोज दुपारी किणकिण ऐकते मी. मला वाटलं सांगशील आपणहून." त्यांनी चादरीतलं बिल काढून लांब धरलं. "अष्टमी. पितरांच्या अष्टमीला नवी वस्तू. ती पण काळी."

"गोटीराममामांच्या ऑर्केस्ट्रात नऊ रात्रींचं काम आहे, परीक्षा उद्या सकाळी. मग कधी आणणार होते?"

"अन् दसऱ्याच्या झेंडूची तोड चालू होईल, तवा तू नऊ दिस नाचणार तिकडं?"

"वाजवणार. पहाटेची तोड करूनच जाईन. रात्रीचा स्वयंपाक तेवढा बघावा लागेल तुम्हाला."

"आता गं. म्हणजे मी बघायचा."

अमित जेवत होता. त्याने वर बघितलं, दोघींपैकी कोणाची बाजू घेतली तर रात्री काय होईल याचा हिशेब केला आणि भात मागितला.

वत्सलाबाईंनी त्याला भात वाढला, बिलाची घडी घातली. शेवटी म्हणाल्या, "स्वयंपाकाचं बघते मी. पण ह्या वस्तूला दोष लागलाय. दोष घेऊन गेलीस तर काम व्हायचं नाय."

इथे त्या थांबल्या असत्या तर मी त्यांचा आदर केला असता. पण काही माणसं नुसती रागावत नाहीत. त्यांना मदतही करायची असते.

घटस्थापनेच्या पहाटे सुवर्णा शेतात झेंडू तोडायला गेली. वत्सलाबाईंनी मला पाटावर आडवी ठेवली. देवघरातून तांब्या आणला; त्यात त्र्यंबकहून, कुशावर्तातून आणलेलं तीर्थ होतं. वाटीत गोमूत्र. विजेवर चालणाऱ्या वस्तूवर पाणी ओतू नये, हे पाचवीच्या पुस्तकात असतं. वत्सलाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी पितरांची माफी मागितली, सुनेचं नाव घेतलं आणि तीन पळ्या तीर्थ माझ्यावर सोडलं. दोन वाहून गेल्या. तिसरी आवाजाच्या बटणाच्या फटीतून सरळ आत उतरली. मागोमाग गोमूत्राचे चार थेंब. मग बटणावर हळद आणि कुंकू. तिथे जरा उंचवटा आहे, त्यामुळे त्यांना ते देवासारखं वाटलं असावं. शेवटी पदराने पुसलं. जिथे पुसायची गरज होती ती जागा सोडून.

कारखान्यात मला कोणी हात लावला नाही, दुकानात कोणी बघितलं नाही. तीस मिनिटांत एका बाईने इतकं प्रेम केलं की माझा आवाज गेला.

सुवर्णा धावत आली, कुंकू बघितलं, "नमस्कार करते आई" म्हणाली आणि मला घेऊन निघाली.

गोटीराममामांचा सराव पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत चालतो. मामा साठीचे, तीस वर्षं लग्नात आणि नवरात्रात कीबोर्ड वाजवून माणसांवरचा विश्वास उडालेले.

"या ताई. काळी आणली का? असो. सुरुवात बारीक आवाजात करा, अंतऱ्याला उठवा."

सुवर्णाने आवाजाचं बटण मागे फिरवलं. फोडणीत पाणी पडावं तशी मी तडतडले.

मामा थांबले. "गिटार आहे की भजीची कढई?"

ऑक्टोपॅडवाला हसला. सुवर्णाने पुन्हा बटण फिरवलं. मी पुन्हा तडतडले आणि मधेच गप्प झाले. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. चार वर्षांत एका माणसाने मला नीट ऐकून घेतलं होतं आणि तिच्यासमोर मी कढई झाले होते.

"स्वस्तातली घेतली की असंच होतं," मामा म्हणाले. "मालेगाववाल्याला फोन लावतो. वाईट वाटून घेऊ नका."

सुवर्णा वाकली. बटणाच्या खाचेत हळद होती. तिने वास घेतला. तिला सगळं कळलं, आणि सासूबाईंनी काय केलं ते तिथे सांगितलं असतं तर सगळे पोट धरून हसले असते, कदाचित तिला दुसरी गिटारही मिळाली असती. तिने सांगितलं नाही.

"एकदाच ऐका मामा. नवी आहे, बटण बसलेलं नाही."

तिने बटण पूर्ण उघडलं. तिथे, अगदी टोकाला, आत अजून कोरडं होतं. मग तिने बटणावरचा हात काढला तो काढलाच. सुरुवात इतकी हलकी छेडली की मामांना कीबोर्डवरचे स्वतःचे हात आवरावे लागले. अंतऱ्याला तिने मनगटाचा जोर वाढवला आणि मी उठले. पुन्हा खाली आणली, खाली आले. अष्टमीला दुकानात शिकलो होतो ते दोघींना आठवत होतं.

गाणं संपल्यावर मामांनी चष्मा पुसला.

"बटणाला हात न लावता कमी-जास्त करता तुम्ही."

"लागत नाही."

"आमचा आधीचा होता ना, तो बटणंच फिरवत बसायचा. वाजवायचा कमी." त्यांनी फोन खिशात टाकला. "साडेसहाला या. काळ्यावर झेंडूची माळ घाला. तुमच्याकडे काय, घरचाच आहे."

घरी वत्सलाबाई दारातच बसल्या होत्या.

"झालं का?"

"झालं."

"होणारच. तीर्थ घातलं ना मी."

सुवर्णाने तोंड उघडलं. पहाटेची तोड, नऊ रात्रींचा स्वयंपाक आणि समोर बसलेल्या बाईचा चेहरा, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. तिने तोंड मिटलं.

"हो आई."

त्या दोन शब्दांची किंमत मी मोजते आहे. नऊ दिवस रोज पहाटे वत्सलाबाईंनी माझ्यावर तीर्थ घातलं. रोज दुपारी त्या झोपल्या की सुवर्णाने चार स्क्रू काढून, कापसाने पुसून मला उन्हात वाळवलं. याला आता सहा वर्षं झाली. दर नवरात्रात एक बाई मला भिजवते, दुसरी वाळवते, आणि दोघींपैकी कोणी त्याबद्दल बोलत नाही. बटण दोनदा बदललं. धोंडीरामशेठ प्रत्येक वेळी विचारतात, "पाण्यात पडली का हो?" गोटीराममामांनी गेल्या वर्षी कीबोर्डसाठीही थोडं तीर्थ मागवलं. मी त्यांना कमी मूर्ख समजत होते.

या वर्षी घटस्थापनेला वत्सलाबाईंनी पळी उचलली तेव्हा त्यांचा हात हलत होता. तिन्ही पळ्या पाटावर सांडल्या. त्यांना ते दिसलं नाही. त्यांनी सुनेचं नाव घेतलं, पदराने पुसलं आणि उठताना भिंत धरली. मला आनंद व्हायला हवा होता. दुपारी सुवर्णाने स्क्रू काढले. आत कोरडं ठणठणीत. ती ते बटण हातात घेऊन बसून राहिली, मग कोरड्या जागेवरूनच एकदा कापूस फिरवून तिने स्क्रू लावले.

मित्रांनो, शेवटी उपदेश करायचा असतो, तो करते. गिटार घ्यायची तर पंचांगाने घेऊ नका, रंगाने घेऊ नका, पोटावर टिचक्या मारून तर मुळीच घेऊ नका. गर्दी नसताना जा आणि दोन तास वाजवून बघा. घरी नेल्यावर ओल्या हाताने शिवू नका, वाजवून झालं की तारा पुसा. आणि कोणी तुमचं नाव घेत तिच्यावर तीर्थाची पळी धरली, तर बटणावर हळूच अंगठा ठेवा. पळी अडवू नका.