भिंतीतली दांडी

सासूबाईंना कमोडवरून उठवायची थोरलीची एक खास पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा तिला भारी अभिमान होता. आपण डावीकडे उभं राहायचं, एक पाय पुढे रोवायचा, सासूबाईंचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा, आपला हात त्यांच्या कमरेमागून न्यायचा आणि म्हणायचं, "चला, एक, दोन..." तीन म्हणायची वेळ कधी येतच नसे. तोवर सासूबाई उभ्या! चार वर्षं हे रोज चाललं होतं. एकदा थोरली तापाने फणफणली होती म्हणून तिचा नवरा आईला उठवायला गेला, तर मायलेक बेसिनला धरून अशी काही अडकली की शेवटी तिलाच अंथरुणातून उठून दोघांना सोडवावं लागलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही गं." हे वाक्य थोरलीने पुढे इतक्या जणांना ऐकवलं की दूधवाल्यालासुद्धा ते पाठ झालं असावं.

आणि अशा घरात धाकटी आली. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघं दुसऱ्या गावी राहत, वर्षातून दोनदा येत, चार दिवस गोडगोड बोलून जात. या खेपेला मात्र ती दहा दिवसांची रजा काढून एकटीच आली. येताना मोबाइलमध्ये पन्नासेक बाथरूमचे फोटो घेऊन आली. पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत तिने विषय काढला.

"आईंचा डावा गुडघा आता काही सुधारत नाही. आज काठी आहे, उद्या वॉकर लागेल, पुढे कधी चाकाची खुर्चीही लागेल. ती वेळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा घर आत्ताच तसं करून घेऊ या ना."

बोलणं शहाणपणाचं होतं, हीच तर पंचाईत! वाकडं बोलायला कुठे फट म्हणून नाही.

"आणि मी काय मेले का?" थोरली म्हणाली.

"असं काय बोलता ताई? तुम्ही आहात म्हणून तर चाललंय. पण तुमच्याही कमरेचा विचार करायला नको?"

"माझ्या कमरेला काय धाड भरली आहे?"

तिचा नवरा मध्येच म्हणाला, "बरं होईल की, तुलाही जरा सुटका." थोरलीने त्याच्याकडे असं काही बघितलं की बिचारा रिकामा कप घेऊन उगाचच स्वयंपाकघरात निघून गेला. सुटका म्हणे! सुटका कुणी मागितली होती?

खरं सांगायचं तर थोरलीच्या पोटात दुखत होतं ते इथेच. तिला शिक्षण बेताचं, नोकरी नाही, चारचौघांत बोलायला गेली की जीभ अडखळते. धाकटी ऑफिसात दहा माणसं हाताखाली वागवते. या घरात थोरलीचं म्हणून जे काही होतं, ते सासूबाईंच्या एका हाकेत होतं. "अगं ए, ये गं!" अशी हाक आली की ती हातातलं काम टाकून धावायची, आणि धावताना तिला बरं वाटायचं. आता ती हाकच बंद पाडायला ही बाई निघाली होती, आणि तेही हसतहसत, सगळ्यांच्या भल्यासाठी.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आला. किडकिडीत, कानाला पेन्सिल, बोलायला फटकळ, पण कामात चोख. त्याने बाथरूमचा उंबरा उखडून जमीन सरळ पॅसेजच्या पातळीला आणली. दार रुंद केलं आणि आत उघडायचं ते बाहेर उघडेल असं बसवलं. आत कुणी पडलं तर दार अंगाला अडतं, म्हणाला, मग वाचवणारा बाहेरच नाचत राहतो. बाहेरच्या दोन पायऱ्यांवर उतार केला. पलंगाच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे दिले. पॅसेजच्या भिंतीला लाकडी कठडा लावला, हात सरकवत चालायला.

आणि सासूबाई? त्या तर लग्नघरातल्यासारख्या मिरवत होत्या! पॅसेजमध्ये खुर्ची टाकून दिवसभर धूळ खात बसायच्या, मिस्त्रीला प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. फरशीचा रंग धाकटीला विचारून ठरला. कठड्याचं लाकूड धाकटीला विचारून ठरलं. शेजारीण डोकावली तर म्हणतात कशा, "धाकटीने माझ्या घराचा कायापालट केला बघा." थोरली तेव्हा पॅसेजमधला सिमेंटचा चिखल तिसऱ्यांदा पुसत होती. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. चार वर्षं खांदा दिला तो कुणाला दिसला नाही, आणि चार दिवसांत हिने भिंत फोडली तर कायापालट!

मग कमोडजवळच्या दांडीची वेळ आली. कमोडच्या उजवीकडे हातभर अंतरावर भिंत होती. डावीकडे मोकळी जागा, तिच्या पलीकडे बेसिन. त्या मोकळ्या जागेतच थोरली उभी राहायची.

मिस्त्री सासूबाईंना म्हणाला, "आजी, एकदा बसून उठून दाखवा. म्हणजे हात कुठे जातो ते कळेल."

"इश्श! परक्या माणसासमोर मी तिथे बसून दाखवू? वेड लागलंय का तुम्हाला?" सासूबाई अशा काही लाजल्या की मिस्त्रीसुद्धा हसला. त्याने उंचीचं माप खुर्चीवरच घेतलं आणि विचारलं, "बरं, आधार कोणत्या बाजूला घेता ते तरी सांगा. उजवीकडे हवी तर दांडी भिंतीतच बसेल. डावीकडे हवी तर जमिनीतून खांब उभा करावा लागेल. आत्ताच सांगा, फरशी बसली की मी खोदणार नाही."

सासूबाईंनी थोरलीकडे बोट दाखवलं. "मला काय विचारता? उठवते ती, तिलाच विचारा."

थोरलीने तोंड उघडलं. डावीकडे, हे शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात धाकटी फटकन म्हणाली, "उजवीकडेच. आईंचा उजवा हात मजबूत आहे, आणि डावा गुडघाच तर गेलाय."

थोरलीने तोंड मिटलं.

डावा गुडघा गेलाय म्हणे! जसं काही हीच रोज तो गुडघा चोळून देत होती. चार वर्षं सासूबाई डावीकडे कलून उठतात हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाला विचारायची हिला गरज वाटली नाही. बरं, बाई बरं. बसव उजवीकडे. कळेल तुला.

मिस्त्री अजून तिच्याकडेच बघत होता. "काय ताई? उजवीकडे ना?"

"धाकटी म्हणते तसं करा," थोरली म्हणाली. "तिनेच सगळा अभ्यास केलाय."

भिंतीत ड्रिल घुसलं तसं थोरलीला आतून गार वाटलं. हो, गार! उगाच खोटं कशाला बोला?

पण सिमेंट सुकेपर्यंत तीन दिवस दांडीवर भार द्यायचा नव्हता, आणि ते तीन दिवस तिला चांगलेच जड गेले. पहिल्या दिवशी ती मनातल्या मनात तो प्रसंग रंगवत राहिली. सासूबाई आत बसल्या आहेत, दांडीला झोंबताहेत, उठता येत नाही, आणि शेवटी हाक येते, "अगं ए, ये गं!" मग आपण शांतपणे पदर खोचून आत जायचं. धाकटीकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रात सासूबाई घसरल्या. फरशी ओली होती आणि डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. सांगून टाकावं, असं तिसऱ्या दिवशी पन्नास वेळा तरी मनात आलं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की त्या दिवशी ठाऊक असून मी मूग गिळून बसले. आणि तेही धाकटीसमोर! जीभ काही उचलेना.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई काठी घेऊन निघाल्या. "आज मी एकटी जाणार," म्हणाल्या, "कुणी मागे यायचं नाही." आत गेल्या आणि आतून कडी लावली.

सासूबाई आत असताना कडीचा आवाज थोरलीने चार वर्षांत ऐकला नव्हता. ती दाराला चिकटून उभी राहिली. धाकटी चार पावलं मागे, हात जोडून. वेळ जाता जाईना. आतून पाण्याचा आवाज आला, थांबला. मग काहीच नाही. मग काठी सरकल्याचा आवाज, आणि मग धाडकन काहीतरी पडलं.

"आई!" थोरली किंचाळली आणि तिने दारावर अंग टाकलं. दार हलेना. पुन्हा खांदा मारला. "आई, डावीकडे वळू नका! तिकडे काही नाही! आई, माझं चुकलं हो, मी सांगायला हवं होतं..."

"अगं पाण्याचा मग पडला, मग!" आतून आवाज आला. "मी नाही पडले. आणि ढकलतेस काय? दार आता बाहेर उघडतं."

कडी निघाली. सासूबाई आपल्या पायांवर, कठड्यावर हात सरकवत बाहेर आल्या. चेहऱ्यावर असं तेज, जसं काही डोंगर चढून आल्या होत्या. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "सोन्यासारखी पोर गं माझी," म्हणाल्या. थोरली भिंतीला टेकून उभी होती, आणि तशातही तिला ते पाहवलं नाही. मेला मत्सर काही जागचा हलत नाही.

धाकटी नवऱ्याला फोन करायला अंगणात गेली. सासूबाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी थोरलीला समोर बसवलं.

"डावीकडे हवी होती असं तुला वाटत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? मी तर तुझंच नाव घेतलं होतं. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस, बघत होते मी."

थापा मारायला थोरलीला शंभर वाटा होत्या. पण दारावर खांदा मारून मारून ती इतकी दमली होती की खरं तेच बाहेर पडलं. "तुम्ही मला हाक मारावी म्हणून."

"मी पडले असते."

"हो."

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझा जोर पहिल्यापासून उजव्याच हातात आहे," त्या म्हणाल्या. "पण उजवीकडे नुसती भिंत होती, आणि तू डावीकडे उभी राहायचीस. म्हणून मी तिकडे वळायचे. तू एवढ्या हौसेने खांदा पुढे करायचीस, तुला कसं सांगू की या बाजूने मला दुखतं?"

थोरलीचा हात आपल्याच खांद्यावर गेला. एक, दोन, असं म्हणत आपण रोज सकाळी, रोज दुपारी, रोज संध्याकाळी...

"आणि हाकेचं म्हणशील तर," सासूबाई पुढे म्हणाल्या, "तू कधी कंटाळली नाहीस, हे देवाला माहीत आहे. पण मला लाज वाटायची गं. दिवसाला तीन हाका, त्यावर चौथी मारायची नाही, असं मीच ठरवलं होतं. त्यासाठी दुपारनंतर पाणी पीतच नव्हते."

"चार वर्षं?"

"सवय होते." त्यांनी पाय पलंगावर घेतले आणि उशी पाठीशी ओढली. "जा, तांब्या भरून आण. ग्लास नको, तांब्याच आण."

थोरलीने तांब्या भरून आणला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता घटाघटा पाणी प्यायल्या. थोरली समोर उभी राहून बघत होती. तांब्या रिकामा झाला तेव्हा सासूबाईंनी तो तिच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "अजून आण."