पाचपैकी दोन शब्द

खेळाडूचं नाव

या रकान्यात मी माझंच आडनाव लिहिते आणि त्याच्या आधी धाकट्या बहिणीचं नाव. तेवढाच काय तो फरक.

संघात तिला गोळी म्हणतात. टॅकल करून पाडलेल्या मुलीच्या पायाशी बॉल येतो, ही तो उचलते आणि सुटते ती सुटतेच. मला पट्टी म्हणतात, कारण मी पट्ट्या बांधते. घोटे, मनगटं, खांदे, अंगठे. मॅचच्या दिवशी सतरा जणी एकामागून एक माझ्या टेबलावर चढतात. शिवाय आमच्या रग्बी लीगमध्ये डोक्याला मार लागला की जी चाचणी होते, तिचे कागद डॉक्टरांच्या हाताखाली मी भरते.

अकरा वर्षांपूर्वी मी याच संघातून खेळायचे. नऊ नंबर. तिचाही नऊच.

वय

ती बावीस, मी तेहतीस.

"आपण पुढच्या पिढीसाठी खेळतोय गं," असं आमची कॅप्टन चिखलात बसून सांगायची. पोरांचा सराव संपल्यावर उरलेलं अर्धं मैदान आम्हाला मिळायचं. तेरा जणी जमल्या तर दिवाणखान्यात पाहुणे आल्यासारखा आनंद व्हायचा. मला वाटायचं, पुढची पिढी म्हणजे कुठल्या तरी दूरच्या, अनोळखी, गोड मुली. ती माझ्याच खोलीत वरच्या पलंगावर झोपते, माझे मोजे वापरते आणि परत करत नाही, हे कोणाला माहीत होतं!

आता बायकांची स्वतंत्र लीग आहे. आठ संघ, पगारी खेळाडू, पहिलं वर्ष. पहिली मॅच शनिवारी. कॅप्टन आता कोच आहे. मी पट्टी आहे.

सध्याच्या तक्रारी

या रकान्यात खेळाडूच्या तक्रारी लिहायच्या असतात. माझ्या लिहिते.

तिची जर्सी. आम्हाला पोरांच्या जुन्या जर्सी मिळायच्या. आई शिवणकाम करते. तिने माझी दोन्ही बाजूंनी आत घेतली होती, तरी दुसऱ्या टॅकलला बगलेत उसवायचीच. गोळीची जर्सी तिच्या मापाची आली. आईने ती उलटी करून शिवण पाहिली, बोटाने ताणून पाहिली आणि म्हणाली, "पक्की आहे हो." आईने आजवर कुणाच्या शिवणीला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

जर्सीच्या पाठीवर आमचं आडनाव. माझंही आहे ते.

गरम पाण्याचे शॉवर.

कुंपणापाशी सहीसाठी उभ्या राहणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुली. परवा एकीने मला विचारलं, "काकू, गोळीला बोलावता का?" मी म्हटलं, ती घरी गेली. गोळी आत बूट सोडत होती.

कॅमेरे. मैदानाच्या चारही बाजूंना. याचं कारण नंतर.

आधारचाचणी

मोसम सुरू होण्याआधी प्रत्येकीची शांतपणे, डोकं ठिकाणावर असताना एक चाचणी घेतात. पाच शब्द ऐकवायचे, पाच मिनिटांनी विचारायचे. आकडे उलटे म्हणायला लावायचे. एका पायावर उभं करायचं. पुढे कधी डोक्याला मार लागला की पुन्हा तीच चाचणी. पहिल्यापेक्षा कमी भरली तर खेळ बंद.

आमच्या वेळी ही चाचणी नुकतीच आली होती आणि आम्ही तिच्यावर लगेच उपाय शोधला होता. पहिल्या वेळी मुद्दाम ढ व्हायचं. पाचातले दोनच शब्द सांगायचे, एका पायावर उगाच डुलायचं. मग नंतर डोकं कितीही गरगरत असलं तरी दोनाच्या खाली कोण जातंय?

ही युक्ती गोळीला मी शिकवली होती. ती अकरा वर्षांची असताना, जेवता जेवता, फुशारकीने.

या वर्षी तिची आधारचाचणी घ्यायला मीच बसले.

"चमचा, ढग, शिडी, लिंबू, टाच," मी वाचलं.

पाच मिनिटांनी तिने छताकडे पाहिलं, गाल फुगवले. "चमचा... अं... ढग. बाकीचे गेले बाई."

या मुलीला संघाच्या चाळीस चाली तोंडपाठ आहेत. शेजारच्यांच्या कुत्र्याचा वाढदिवस आठवतो.

तिने माझ्याकडे पाहून डोळा मारला. मी कागदावर लिहिलं, पाचपैकी दोन, आणि खाली सही केली. का केली? कारण मी शिकवलेलं तिने अकरा वर्षं लक्षात ठेवलं होतं. मला बरं वाटलं. बस, एवढंच.

घटना

बुधवार, सरावाचा शेवट. गोळी बॉल उचलून सुटली आणि एका सहा फुटी मुलीच्या नितंबावर तिचं कानशील आपटलं. पडली. उठली. हसली. सगळ्या हसल्या. कॅप्टन म्हणाली, "नियम म्हणजे नियम. डॉक्टर, बघा हिला."

डॉक्टरांनी शब्दांची दुसरी यादी काढली, कारण पहिली पोरींना पाठ झालेली असते. पाच मिनिटांनी गोळीने तीन शब्द सांगितले. आकडे नीट. एका पायावर थोडी डुलली.

डॉक्टरांनी जुना कागद शेजारी ठेवला. "आधी दोन होते, आता तीन. मार लागून हुशार झाली की काय ही?"

खोलीत हशा पिकला. मीही हसले. मग तिला टेबलावर बसवलं, कारण पडताना उजवा घोटा मुरगळला होता. हा घोटा मी तिच्या शाळेच्या संघापासून बांधत आले आहे.

तिने डावा पाय पुढे केला.

मी थांबले. ती माझ्याकडे बघत होती, शांतपणे, जसं रोज बघते.

"दुखतोय तो दे."

"हा काय, दिलाय की."

मी उजवा पाय ओढून घेतला आणि बांधला. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "माझे बूट घेतलेस ना?" घेतले म्हटलं. वळणावर परत विचारलं. घरापाशी उतरताना परत.

घरातली चाचणी, जी कुठल्याच कागदावर नाही

"तू शनिवारी खेळणार नाहीस," मी म्हटलं. ती बेसिनपाशी तोंड धूत होती. आई मशीनवर पडदे शिवत होती.

"डॉक्टरांनी पास केलंय."

"तो आकडा खोटा आहे. तुलाही माहितीये, मलाही."

"मग गप्प बस ना. दोघींनाच माहितीये तर."

"डोकं दुखतंय?"

"तू बोलायला लागल्यावर दुखतंय."

"बेसिनवरचा दिवा का नाही लावलास?"

तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि अंधारातच ती टॉवेल शोधत होती. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको!" ती ओरडली. मग हळू आवाजात, "ताई, प्लीज. एकच मॅच. पहिली आहे गं. पहिली पुन्हा येत नाही. नऊ नंबरसाठी ती नवी मुलगी टपून बसलीये. एकदा ती उभी राहिली की मला कोण विचारतंय?"

"मला कोण विचारतं?"

हे मी बोलायला नको होतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मशीन थांबलं.

"हां," गोळी म्हणाली. "आलं बाहेर. जळतेस तू. जर्सी आली त्या दिवसापासून जळतेस. त्या लहान मुलीला खोटं सांगितलंस, मी घरी गेले म्हणून. मी आतून ऐकलं."

"हो, जळते."

"आई, ऐकलंस?"

आईने दोरा दाताने तोडला. "मला काय ऐकवता? अकरा वर्षांपूर्वी ही अशीच अंधारात बसली होती. तीन दिवस. पडदे मीच ओढले होते. मला म्हणाली, सर्दी झालीये."

गोळी म्हणाली, "फायनलनंतर? ज्यात ताईने दोन ट्राय केल्या?"

"तीन," आई म्हणाली.

मी टॉवेल शोधून गोळीच्या हातात दिला.

स्मरण

आता कॅमेऱ्यांचं.

त्या फायनलला चाळीस माणसं होती आणि एक ओला कुत्रा. हे मला कॅप्टनने सांगितलं. पूर्वार्धात मला मार लागला, मी चाचणीत दोन शब्द सांगून पास झाले आणि उत्तरार्धात तीन वेळा रेषेपार बॉल टेकवला, म्हणजे तीन ट्राय. हेही कॅप्टननेच सांगितलं. शेवटच्या वेळी चार जणी अंगावर घेऊन गेले म्हणे. लोक अजून हात हलवून, अंग वाकवून दाखवतात मी कशी गेले ते.

मला चिखल आठवतो. तो मॅचच्या आधीचा. मग एकदम आमची खोली, ओढलेले पडदे.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली मॅच माझ्याकडे नाही. ती इतरांकडे आहे. कुणी व्हिडिओ काढला नाही, कारण बायकांच्या मॅचचा व्हिडिओ कोण काढणार? गोळीचं सगळं चार बाजूंनी टिपलं जाईल. तिला काही विसरताच येणार नाही. म्हणून कॅमेरे माझ्या तक्रारींत आहेत.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दरवेळी मान डोलावते. "हो ना, चौथीला तर मी उचलूनच नेलं," असंही म्हणते.

शेरा

गुरुवारी सकाळी डॉक्टरांच्या दारापाशी उभी राहिले. आत जाण्याआधी स्वतःला विचारलं, बाई, तू तिच्या डोक्यासाठी चालली आहेस की तिच्या जर्सीसाठी? थोडं थांबून पुन्हा विचारलं. मग ठरवलं, उत्तराची वाट पाहत बसले तर शनिवार उजाडेल.

"तिची आधारचाचणी खोटी आहे," मी म्हटलं. "तिने मुद्दाम कमी सांगितलं. मला माहीत असून मी सही केली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे तुम्ही आज सांगताय?"

"काल तिने चुकीचा पाय पुढे केला."

"म्हणजे?"

समजावून सांगितलं. घोटा, बूट, दिवा, सगळं. आणि मग, हे सगळं तुम्हाला कसं ओळखू येतं असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या फायनलबद्दलही. बोलताना लक्षात आलं, मी ते पहिल्यांदा मोठ्याने बोलतेय आणि माझी बोटं खिशातल्या पट्टीची गुंडाळी सोडवत सुटली आहेत. टेबलाखाली पांढरा ढीग झाला होता.

गोळी दोन आठवडे बाहेर. सगळ्यांच्या आधारचाचण्या नव्याने होणार, त्या डॉक्टर स्वतः घेणार. मला शनिवारी संघाबरोबर मैदानावर उतरायचं नाही. पुढचं लीगची समिती ठरवेल.

कॅप्टन म्हणाली, "ए पट्टी, आधी सांगितलं असतंस तर?" फायनलचं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. "खरंच काही आठवत नाही तुला? चौथी टॅकलपण?"

"नाही."

"अगं, मग मी वर्षानुवर्षं कुणाला सांगत बसले?"

निकाल

शनिवारी दुपारी आम्ही दोघी प्रेक्षकांत बसलो. गोळी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आलीही वेगळ्या बसने, पण तिकिटं आईने काढली होती आणि खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. उन्हाचा त्रास होतो म्हणून तिने टोपी नाकापर्यंत ओढली होती.

मैदान भरलं होतं. एवढी माणसं बायकांच्या खेळाला! मागच्या रांगेत छोट्या मुलींची अख्खी शाळा बसली होती आणि त्यांच्या किंचाळण्याने माझे कान बसले. कॅप्टनच्या त्या दूरच्या, अनोळखी, गोड मुली. गोड वगैरे काही नाही. एकीने माझ्या केसांत लिमलेटची गोळी चिकटवली.

नवी मुलगी नऊ नंबर घालून आली. पाठीवर तिचं आडनाव.

बाराव्या मिनिटाला तिने टॅकलनंतरचा बॉल उचलला, डावीकडे हुलकावणी दिली, उजवीकडून सुटली आणि सरळ खांबांच्या मधोमध टेकवला. लीगची पहिली ट्राय. सगळं मैदान उभं राहिलं. चारही कॅमेरे तिच्याकडे वळले.

आम्ही दोघी बसून होतो.

मी हळूच गोळीकडे पाहिलं. टोपीखाली फक्त तोंड दिसत होतं. खालचा ओठ आत ओढलेला, दात त्यावर. हे तोंड मी ओळखते. कपाटाच्या आरशात, ती जर्सी घालून बघत असताना, तिच्या मागे उभ्या माझ्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

"माझी चाल आहे ती," गोळी म्हणाली. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. "मीच शिकवली तिला. डावीकडची हुलकावणी."

"आणि तुला कुणी शिकवली?"

ती नाक ओढून म्हणाली, "पाय बघ कसे टाकते. बदकासारखे."

"आणि बॉल छातीशी धरत नाही. एक दिवस सुटणार."

"सुटू दे."

"सुटू दे."

नवी मुलगी मैत्रिणींच्या ढिगाखाली गायब झाली होती. मागच्या रांगेतल्या मुली तिचं नाव ओरडायला शिकत होत्या. अजून नीट जमत नव्हतं.

"ताई," गोळी म्हणाली, "तू हे अकरा वर्षं कसं केलंस?"

"काय?"

"हे. बसून बघणं."

"बसायचं. जळायचं. मग पुढचीचा घोटा बांधायचा."

"मला नाही जमणार."

"दोनच आठवडे आहेत. माझं काय ते समिती सांगेल."

तिने मान वळवून मैदानाकडे पाहिलं. मोठ्या पडद्यावर ती ट्राय परत दाखवत होते, मग दुसऱ्या बाजूने, मग हळूहळू. तिने टोपी वर सरकवली, डोळे बारीक केले आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत पाहिलं.

"हे सगळं माझ्या लक्षात राहणार," ती म्हणाली. "एकूणएक. तेच तर."

"हो," मी म्हटलं. "राहू दे."